मॅनिक मायनर: अवघड होता म्हणून धून डोक्यात बसली, की धूनच तशी होती?

खाणकामगार
मंडळी, १९८३ साली आलेला, झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवरचा मॅनिक मायनर हा गेम इथे कोणी कोणी खेळलंय? आणि खेळला असाल तर त्याची धून अजून आठवते का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मॅथ्यू स्मिथ नावाच्या, विशीसुद्धा न गाठलेल्या इंग्लिश पोराने एकट्याने लिहिलेला गेम. विली नावाचा खाणकामगार आणि एकामागून एक २० गुहा. गुहेतल्या चमकणाऱ्या वस्तू गोळा केल्या की दार उघडतं. खाली हवेची पट्टी सतत आखडत जाते, ती संपली की खेळ खल्लास. उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. उंचावरून पडलात तर मेलात. विषारी झुडपाला बुटाचं टोक लागलं तरी मेलात. लाइफ तीन, सेव्ह नावाची भानगड नाही. तिन्ही लाइफ गेल्या की वरून एक भलामोठा बूट येतो, विलीला चिरडतो, आणि तुम्ही परत पहिल्या गुहेत.

आम्ही राहायचो पाचपाखाडीला, पण कॉम्प्युटर नौपाड्यात मावसभावाकडे. डीबी स्पेक्ट्रम प्लस, डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये भारतात परवाना घेऊन काढलेला. सुट्टी लागली की माझा मुक्काम तिथेच.

माझं मत असं, की ती धून लक्षात राहिली कारण गेम अवघड होता. सोपा असता तर चार दिवसांत संपवून विसरलो असतो. आता लेकाबरोबर खेळतो त्या गेमना शंभर वादकांचा ऑर्केस्ट्रा असतो, आणि एकाचीही चाल मला गुणगुणता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

काकडी
धाग्याचं नाव बघून वाटलं कोळसा खाणीचा घोटाळा. निराशा झाली, तरी वाचतोय.

कोपरीची_कैरी
आमच्या आजीचं या संगीतावरचं एकमेव मत: "मेल्यांनी बाटलीत डास कोंडलाय."

नौपाड्याचा_नंदू
अगदी अगदी! राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत आम्ही. माझ्या काकांनी लंडनहून स्पेक्ट्रम आणला, जुना, रबरी बटणांचा. आणला खरा, पण टीव्हीला लागेचना. इंग्लंडचं यंत्र यूएचएफच्या ३६ नंबर चॅनलवर सिग्नल देतं, आणि आमच्या टीव्हीला यूएचएफ माहीतच नाही, कारण दूरदर्शन व्हीएचएफवर. बाबांची खात्री पटली की काकांना तिकडे कोणीतरी गंडवलंय.

शेवटी कळलं की वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या व्हीसीआरचा ट्यूनर यूएचएफ पकडतो. झालं, आमचा कॉम्प्युटर त्यांच्या दिवाणखान्यात गेला. खेळायचं ते दुपारी, काकू आतल्या खोलीत झोपलेल्या असताना. आता खरी गोम: स्पेक्ट्रमचा स्पीकर यंत्राच्या पोटातच असतो आणि आवाज कमीजास्त करायचं बटणच नाही. एक तर वाजणार, नाहीतर नाही. नशीब, मॅनिक मायनरमध्ये एच पासून एंटरपर्यंतचं कुठलंही बटण दाबलं की धून बंद व्हायची. त्यामुळे मी हा गेम बहुतेक मुकाच खेळलोय. सुरुवातीची ब्लू डॅन्यूब तेवढी एंटर दाबेपर्यंत वाजायची, ती आठवते.

मग आता सांगा खाणकामगार, अवघडपणा मला तुमच्याइतकाच भोगावा लागला. धून मात्र काही आठवत नाही.

बिनधास्त_बेलापूरकर
अवघड गेम म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया. विषय संपला. ६० मिनिटांत राजकन्येला सोडवायचं, घड्याळ थांबत नाही. नव्वदीच्या सुरुवातीला वाशीला एका क्लासमध्ये डीबेस, म्हणजे डेटाबेसचं सॉफ्टवेअर, शिकायला जायचो. सर जेवायला गेले की सगळी बॅच खंदकात. ते खालून येणारे सुळे आणि राजपुत्राचा झालेला तो कार्यक्रम बघून एक मुलगी किंचाळली होती.

काकडी
आणि डीबेस?

बिनधास्त_बेलापूरकर
डीबेस राहिलं.

झेड८०
नंदू, व्हीसीआरची युक्ती बऱ्याच घरांत चालली होती, आमच्याकडेही.

कोपरीकरांच्या आजीला जे ऐकू आलं त्याला तांत्रिक कारण आहे. ४८के, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीच्या, स्पेक्ट्रममध्ये आवाजाची वेगळी चिपच नाही. एक स्पीकर आणि त्याच्यासाठी एक बिट, शून्य नाहीतर एक. ३.५ मेगाहर्ट्झच्या झेड८० प्रोसेसरने तो बिट स्वतः खालीवर करत बसायचं. सेकंदाला ४४० वेळा केलं की पेटीवरचा पांढरी सहाचा सूर निघतो. पण हे करताना प्रोसेसरला दुसरं काहीही करता येत नाही. बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत बीप ही आज्ञा दिली की सूर संपेस्तोवर सगळा कारभार ठप्प. म्हणून त्या काळी खेळ चालू असताना स्पेक्ट्रम गप्पच असायचा, फार तर उडीला एक टुक.

स्मिथने काय केलं, तर गेमच्या प्रत्येक फेरीत, म्हणजे राक्षस हलवा, विली हलवा, चित्र काढा हे सगळं करताना, मध्येच जराशी फट काढून सुराचा एक तुकडा वाजवला. मग पुन्हा चित्रं. पुन्हा तुकडा. सूर सलग नाहीच, म्हणून ती भुणभुण. पण १९८३ साली हे ऐकून लोक चाट पडले होते, कारण खेळताना सतत संगीत या यंत्रावर जमणार नाही असंच सगळे धरून चालले होते.

कमोडोर ६४ या दुसऱ्या कॉम्प्युटरवाल्यांना हे दुःख कळणार नाही. त्यांच्याकडे तीन आवाजांची सिड चिप. प्रोसेसरने हुकूम सोडायचा आणि आपल्या कामाला लागायचं.

तंबोरा
पांढरी सहा वाचून आत आले. मी घंटाळीला पेटी शिकवते आणि गेममधलं मला काही कळत नाही, पण खाणकामगार म्हणतात ती चाल आत्ता ऐकली. ही एडवर्ड ग्रीगची. इब्सेनच्या 'पेर ग्युंट' नाटकासाठी १८७५ मध्ये केलेल्या संगीतातला 'इन द हॉल ऑफ द माउंटन किंग' हा तुकडा. डोंगराच्या पोटात ट्रोल नावाच्या राक्षसांच्या राजाचा दरबार आणि त्यात अडकलेला नायक. गुहेत राक्षस चुकवणाऱ्या माणसासाठी पोराने निवड झकास केली आहे. ग्रीग १९०७ मध्ये गेला, ब्लू डॅन्यूबवाला स्ट्रॉस १८९९ मध्ये, त्यामुळे पैसे मागायलाही कोणी येणार नव्हतं.

मूळ रचना जरूर ऐका. एकच लहानशी चाल पुनःपुन्हा येते. आधी खर्जात, दबकत. मग वाद्यं वाढत जातात, चाल वरच्या सप्तकात सरकते, लय चढत जाते, आणि शेवटी सगळा ऑर्केस्ट्रा ताशेरे ओढल्यागत तुटून पडून थांबतो. गेममध्ये यातलं फक्त तोंड घेतलंय. लय तीच, सूर तेच, फिरून फिरून पहिल्या जागी. म्हणजे ताण निर्माण केलाय पण सोडवलेला नाही. अशी अर्धी राहिलेली चाल डोकं सोडत नाही. शिकवताना मुलांना अर्धवट तान देऊन घरी पाठवलं तर ती जिन्यात गुणगुणत जातात, हे मी रोज बघते. माझ्या मते कारण हे. अवघड गेम वगैरे दुय्यम.

खाणकामगार
तंबोराताई, वा! सुरुवातीच्या पडद्यावर खाली पेटीच्या पट्ट्या दिसतात तेही बघा. ब्लू डॅन्यूब वाजते तशा त्या रंगतात. आणि खेळताना खाली उरलेल्या लाइफ धुनीवर नाचत असतात. धून बंद केली की त्या बिचाऱ्या खिळून उभ्या. म्हणजे नंदूने नाचसुद्धा पाहिलेला नाही.

नौपाड्याचा_नंदू
चाळीस वर्षांनी कळतंय की त्या नाचायच्या. काकूंना फोन लावतो.

मीनल_ऐरोली
मी उलट टोकाची. हा गेम एकदाही खेळलेली नाही आणि धून मला पूर्ण पाठ आहे.

आमच्याकडे, तेव्हा ठाण्यात चरईला, दादाचा स्पेक्ट्रम. 'दादाचा' हा शब्द नीट वाचा. मला हात लावायची परवानगी नव्हती, कारण मी म्हणे बटणं जोरात दाबते. मी दहावीत, आतल्या खोलीत भूमितीची प्रमेयं पाठ करतेय आणि भिंतीपलीकडे हे चालू. धून मध्येच तुटून चरचर झाली की समजायचं, मेला. टूंऽऽ करत हवेची पट्टी रिकामी होताना ऐकू आली की समजायचं, गुहा पार झाली, आता अर्धा तास बढाया ऐकायच्या. पायथागोरसचं प्रमेय आजही मला त्या चालीवर म्हणता येतं.

तर मुद्दा असा. अवघडपणाचा मला काडीचाही त्रास झालेला नाही, तरी धून पक्की. नंदूने सगळा त्रास सोसला, धून कोरी. म्हणजे कारण घोकंपट्टी. दुसरं काही नाही.

काकडी
मीनलताईंनी प्रयोगशाळेत उंदीर दोन पिंजऱ्यांत घालून सिद्ध केलं. धागा बंद करावा.

खाणकामगार
इतक्यात नाही. मीनलताई, दादाने ती धून घरात इतकी वाजवली का? कारण तो मरत होता. सोपा गेम असता तर आठवड्यात कॅसेट कपाटात गेली असती आणि तुमचं प्रमेय विनाचालीचं राहिलं असतं. घोकंपट्टी अवघडपणानेच करवून घेतली, फक्त भिंतीच्या तुमच्या बाजूला.

मीनल_ऐरोली
हे पटण्यासारखं आहे. पण दादाला सांगू नका.

घोडबंदर_एक्सप्रेस
नमस्कार सिनियर्स. धागा वाचून ब्राउझरमध्ये एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) लावून पाहिला. पहिली गुहा झाली, दुसरीत पेंग्विनने मारलं. आवाज पाच मिनिटांत म्यूट, सॉरी.

अवघड गेम आम्हीही खेळतो हो. एकेका बॉसकडून रात्रभर मार खातो. पण मेलो की तिथूनच सुरू होतं. एकोणिसाव्या गुहेत मेलो म्हणून पहिलीपासून चालत या, याला अवघड नाही म्हणत, छळ म्हणतात.

नौपाड्याचा_नंदू
छळच होता भावा. पण ४८के मध्ये मावतील अशा २० गुहा. सेव्ह दिला असता तर दिवाळीच्या सुट्टीत संपला असता आणि दुकानदाराच्या नावाने बोंबललो असतो. कॅसेटवरून लोड व्हायलाच पाच मिनिटं लागायची. आधी लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे, आणि तेवढ्यात वीज जायची. नाहीतर शेवटी 'आर टेप लोडिंग एरर'. मग टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा तो बारका स्क्रू केसभर फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. कॉपीवरून कॉपी केलेल्या कॅसेटी, प्रत्येकीसाठी स्क्रूची जागा वेगळी. घरचे शेवटी म्हणाले, गाणी तरी नीट ऐकू येऊ देत.

झेड८०
घोडबंदर, एक गोष्ट बघ. त्यात नशिबाचा भाग अजिबात नाही. प्रत्येक राक्षसाचा रस्ता आणि वेग ठरलेला, दर वेळी तोच. मेलास तर तुझ्याच चुकीने. एकदा गुहा पाठ झाली की हात आपोआप चालतात.

कोपरीची_कैरी
माझा भाऊ छातीठोकपणे सांगायचा की तो सुरावर उडी मारतो. अमुक सूर आला की दाबायचं.

झेड८०
अर्धं खरं. धून आणि राक्षस एकाच फेरीत पुढे सरकतात, त्यामुळे दोघांची गती कायम बांधलेली राहते. पण चालीचं आवर्तन आणि राक्षसाची येरझार यांची लांबी सारखी नाही. एकदा जुळलेली जागा पुढच्या वेळी सरकलेली असते. भावाला ठेका मिळत असणार, नेमका सूर नाही.

तंबोरा
म्हणजे आपल्या भाषेत लय सांभाळली, सम सोडली. चालायचंच.

घोडबंदर_एक्सप्रेस
बरं, हा युजीन कोण? कुठेही वाचलं की सगळे त्याच्या नावाने रडतायत.

खाणकामगार
पाचवी गुहा, 'युजीन्स लेअर'. लिव्हरपूलच्या एका प्रोग्रामरचं नाव स्मिथने चेष्टेत वापरलं म्हणतात. मधल्या खोबणीत तो वरखाली करत असतो, तेवढं ठीक. पण तुम्ही शेवटची वस्तू उचललीत की तो रंग बदलत खाली येतो आणि बाहेर जायच्या दारातच ठाण मांडतो. तो खाली पोचायच्या आत तुम्ही दारात हवेत. म्हणजे शेवटची कोणती वस्तू घ्यायची हे आधीच ठरवायला लागतं. हे कोणी सांगत नाही, मरून कळतं.

एकोणिसाव्या 'सोलर पॉवर जनरेटर'मध्ये वरून उन्हाचा झोत येतो. विली त्यात उभा राहिला की हवा भराभर संपते. झोताच्या वाटेत राक्षस आला की झोत वळतो. असला विचार त्या वयात केलेला पोरगा!

बिनधास्त_बेलापूरकर
ठीक आहे, भारी आहे. पण अॅरो कीज दाबून कोणीही उड्या मारेल. प्रिन्समध्ये तलवार होती.

खाणकामगार
कसले अॅरो? डावीकडे जायला क्यू, ई, टी, यू, ओ. उजवीकडे डब्ल्यू, आर, वाय, आय, पी. वरच्या ओळीतली एकाआड एक बटणं. खालची सगळी ओळ म्हणजे उडी. तलवार चालवणं सोपं होतं हो.

बिनधास्त_बेलापूरकर
ही माहिती नवी. माघार नाही, पण नोंद घेतली.

संगीताचा विषय आहे म्हणून प्रिन्सबद्दल एक सांगतो. १९८९ चा गेम, मूळ अॅपल टू वरचा, आपल्याकडे पोचला तो डॉसचा. जॉर्डन मेकनरने धाकट्या भावाला धावायला-उड्या मारायला लावून चित्रफीत काढली आणि त्यावरून राजपुत्र काढला, हे सगळ्यांना माहीत असतं. संगीत त्याच्या वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं, हे कमी लोकांना माहीत. आणि खेळताना ते जवळजवळ नसतंच. सुरुवातीला, मेल्यावर, अधूनमधून चार सूर. बाकी पावलांचा आवाज आणि जाळीचं दार वर जाताना कटकट. त्या शांततेत जास्त फाटायची. सतत धून वाजवणं हा एक मार्ग झाला, गप्प बसणं हाही आहे.

मीनल_ऐरोली
हा या धाग्यावरचा पहिला प्रिन्स-प्रतिसाद जो विषयाला धरून आहे.

नौपाड्याचा_नंदू
आता खरं बोला, कोणी पोक मारून, म्हणजे मेमरीतला आकडा बदलून, खेळलं? पोक ३५१३६,० म्हणजे अमर विली.

कोपरीची_कैरी
🙋‍♀️

झेड८०
🙋

खाणकामगार
ही चोरी आहे. आणि शेवटच्या गुहेनंतर काय मिळतं? परत पहिली. फक्त जाता जाता पडद्यावर विलीजवळ एक तलवारमासा दिसतो. खेळताना ६०३१७६९ हा आकडा टाकून हव्या त्या गुहेत जाता यायचं, पण तसे गेलात तर तो मासाही दिसत नाही. स्मिथने कॉपी करणाऱ्याचे बरोब्बर मार्क कापले.

काकडी
एवढं सगळं करून मासा. कोळीवाड्यात स्वस्त पडला असता.

झेड८०
त्यापेक्षा पुढचा भाग भयंकर. १९८४ चा जेट सेट विली. त्यात माळ्यावरच्या खोलीत एकदा गेलात की दुसऱ्या खोल्या बिघडायच्या, म्हणजे गेम पूर्ण होणंच अशक्य. गेम काढणाऱ्या कंपनीने आधी सांगितलं, तो विषारी वायू आहे, मुद्दाम ठेवलाय. मग गुपचूप दुरुस्तीचे पोक छापले. सुरुवातीला बीथोवेनची मूनलाइट सोनाटा वाजायची, ती मात्र या बिटवर फार गोड वाटायची मला.

आणि कोणाला वाटत असेल की एका बिटवर डासच निघतो, तर टिम फॉलिनचं १९८७ च्या क्रोनॉस या स्पेक्ट्रमवरच्या गेमचं संगीत ऐका. तोच स्पीकर, तोच बिट, आणि एकाच वेळी अनेक सूर.

तंबोरा
ऐकलं. दोनदा ऐकलं. हे एका बिटचं आहे यावर माझा विश्वास नाही, पण तुम्ही म्हणता तर असेल. तरी एक सांगू? कौतुक वाटलं, पण चाल राहिली नाही. ग्रीगची मात्र सकाळपासून पाठ सोडत नाहीये, आणि मी तर गेमही खेळले नाही, भिंतही मध्ये नव्हती. खाणकामगार, तुमच्या मुद्द्याचं काय करायचं?

खाणकामगार
सकाळपासून ना? चाळीस वर्षं राहिली तर मानेन.

घोडबंदर_एक्सप्रेस
अपडेट: युजीनपर्यंत पोचलो. आवाज चालू ठेवून. संगीत अजूनही आवडलेलं नाही, पण म्यूट केलं की जास्त मरतोय. ठेका जातो. झेड८० काकांचं बरोबर आहे.

नौपाड्याचा_नंदू
मंडळी, माझा रबरी स्पेक्ट्रम माळ्यावर सापडला. कॅसेटी पण आहेत. रविवारी तलावपाळीजवळ कोणाकडे तरी जमू या का? आधी मामलेदारची मिसळ, मग मी पहिल्यांदा लाइफ नाचताना बघणार. अडॅप्टर हरवलाय, राउटरचा ९ व्होल्टचा घेऊन येतो.

झेड८०
नंदू, थांब! राउटरचा लावू नकोस. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टच लागतात, पण मधली पिन निगेटिव्ह. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरना मधली पॉझिटिव्ह असते. उलटा लावलास तर आतला रेग्युलेटरचा भाग जाईल. शिवाय अँपिअर कमी पडले तरी चालणार नाही. माझ्याकडे जुना अडॅप्टर आहे, मी मल्टिमीटर घेऊन येतो. टेपरेकॉर्डरचा बेल्ट तपास, इतक्या वर्षांत डांबर झाला असेल.

नौपाड्याचा_नंदू
बेल्ट उघडून पाहिला. डांबरच. बोटं काळी झाली. स्टेशनजवळ मिळतो का बघतो.

मीनल_ऐरोली
मी येते. दादालाही आणते. पण बटणं मी दाबणार, जोरात.